खरवडलेली राणी

सुचित्रा खांबेटेनं आयुष्यात कामाचा एकही कागद फाडला नव्हता. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला, तुआसला, जहाजांचे पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात ती अठरा वर्षं ड्रॉइंग सांभाळत होती. सांभाळत होती म्हणजे काय, तर नवी आवृत्ती आली की जुनीवर लाल शाईनं 'सुपरसीडेड', म्हणजे रद्दबातल, असा तिरका शिक्का हाणायचा आणि ती जुनी प्रत फायलीत जपून ठेवायची. फेकायची नाही. उद्या पंप फुटला तर तो कुणी काढला, कुणी तपासला, कुणी मंजूर केला, हे सांगता यायला हवं. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात आणि त्यांत तीन नावं असतात. जगातली निम्मी भांडणं त्या तीन चौकटी नसल्यामुळे होतात, असं सुचित्राचं मत होतं.

तिच्या स्वतःच्या भांडणात नेमक्या त्याच नव्हत्या.

'पूर्वरंग' हा सिंगापूरच्या पूर्वेकडच्या मराठी घरांचा कट्टा. बेडोक, टॅम्पिनीस, पासिर रिस अशी मिळून साठ-सत्तर माणसं. दर गणपतीत एक नाटक, दर डिसेंबरात एक सहल, आणि सहलीनंतर जानेवारीत 'प्रवाससंध्या'. कॉन्डोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये पडदा लावून फोटो दाखवायचे आणि माइकवरून वर्णन करायचं. माइक नीता सबनीसच्या हातात. नीता कट्ट्याची अध्यक्ष, नाटकातली नायिका, आणि कॉन्डोही तिचाच. बाकीचं सगळं सुचित्राच्या हातात. नाटक लिहायची ती, बसवायची ती, सहलीचे फोटो निवडून स्लाइड करायची तीच. घर बेडोकला, कारखाना तुआसला; मेट्रोच्या एकाच हिरव्या लाइनवर सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. अकरा वर्षांत अकरा नाटकं तिनं त्या गाडीत मांडीवर वही ठेवून लिहिली होती.

अकरावं होतं 'कॉरिडॉरमधली तुळस'. सहाव्या मजल्यावरच्या सामायिक कॉरिडॉरमध्ये एक बाई तुळशीची कुंडी ठेवते, ती हलवा म्हणून नोटीस येते, आणि शेवटी शेजारची चिनी आजी ती कुंडी स्वतःच्या दारात घेऊन बसते, एवढीच गोष्ट. पण पडदा पडला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुचित्रा विंगेतून बाहेर आली ती खुर्च्या आवरायला. एका खुर्चीवर कार्यक्रमपत्रिका पडली होती. यंदा पहिल्यांदाच रंगीत छापलेली.

लेखन, दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका : नीता सबनीस.

आणि अगदी तळाला, ध्वनी, प्रकाश, वेशभूषा यांच्याही खाली, चहापान व्यवस्था : सुचित्रा खांबेटे.

चहा तिनं केला होता, हे खरं होतं.

नीता आरशासमोर बसून खोट्या पापण्या सोडवत होती.

"नीता, हे काय गं?"

"काय? हां, ते. अगं, तो छापणारा डोकं खात होता. जागा नाही, दोन नावं बसत नाहीत म्हणून. मी म्हटलं, सध्या एकच टाक."

"आणि ते तुझं."

"सुचि, आपण काय नाव कमवायला करतो का हे? आपल्याच माणसांत?" नीतानं दुसरी पापणी सोडवली आणि डबीत ठेवली. "आणि खरं सांगू का, तुझं वाक्य कुठलं आणि माझं कुठलं हे आता मलाही कळत नाही. इतकी मी शिरलेय त्यात."

सुचित्रानं पत्रिकेची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. जुनी प्रत फेकायची नाही.

ऑक्टोबरात 'पूर्वरंग'च्या ग्रुपवर नाटकाच्या फोटोंचा कोलाज आला. मधोमध सगळ्या चमूचा फोटो होता. सुचित्रा त्यात नीताच्या शेजारी उभी होती, तिच्या खांद्यावर हात टाकून. कोलाजमध्ये फोटो बरोबर तिथं कापला होता. सुचित्रा गेली होती आणि नीताच्या खांद्यावर तिचा तेवढा पंजा राहिला होता, मनगटावरच्या घड्याळासकट.

"मा, जस्ट टेल एव्हरीबडी लाह," सतरा वर्षांची लेक ऋचा सोफ्यावरून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "व्हाय सो स्केअर्ड?"

"घाबरत नाहीये मी."

"देन?"

"मी सांगितलं तर मी रडतेय असं होईल. तिनं सांगायला हवंय. तिच्या तोंडानं, त्याच माणसांसमोर, त्याच माइकवर."

"शी वोन्ट."

"बघू."

घाईही होती. गुढीपाडव्याला तेच नाटक मोठ्या थिएटरात, दोनशे लोकांसमोर पुन्हा व्हायचं होतं. जानेवारीअखेर त्याची पत्रिका छापायला जाणार होती. तीत एकदा नीताचं नाव दुसऱ्यांदा आलं की मग ते कायमचंच.

डिसेंबरची सहल इजिप्तची होती आणि तिकिटं ऑगस्टमध्येच काढलेली. बॅग भरताना नवऱ्यानं, उन्मेषनं, विचारलं, "तू सुट्टीवर चाललीयेस की लढाईवर?"

"बॅग एकच आहे," सुचित्रा म्हणाली.

*

लक्झरला नाईलच्या पश्चिमेला, उभ्या पिवळ्या कड्याच्या पोटाशी हातशेप्सुत राणीचं देऊळ आहे. तीन मजली, खांबांच्या ओळींमागे ओळी, आणि मधून वर जाणारा एक लांबच लांब उतार. दुपारचा एक वाजला होता आणि डिसेंबर असूनही उन्हानं दगड तापला होता. अकरा जणांचा जथा छोट्या विजेच्या गाडीतून उतरला. नीताच्या डोक्यावर ताटाएवढी हॅट होती.

नीताचे वडील पद्माकरकाकाही बरोबर होते. बायको गेल्यापासून ते सहा महिने पुण्यात, सहा महिने लेकीकडे असायचे. वय ब्याऐंशी. आज वार कोणता, हे विसरायचे. पण हातात कागद दिला तर त्याच्या कडा काटकोनात आहेत की नाहीत, हे अजून नजरेनं सांगायचे. उताराच्या पायथ्याशी येताच त्यांनी खाली वाकून सँडलचे पट्टे सोडले.

"बाबा, काय करताय?" नीता ओरडली. "पाय भाजतील."

"देऊळ आहे ना हे?"

"इथं कोणी पूजा करत नाही आता."

"म्हणून काय चपला घालून जायचं?"

वाटाड्या महमूद हसत होता. हात जोडून त्यानं काकांना खाणाखुणा केल्या की चालेल, सँडल घाला, देव रागावणार नाही. काका ऐकेनात. शेवटी सुचित्रानं पर्समधून विमानातले मोजे काढले, काकांच्या पायांत चढवले आणि त्यांचे सँडल स्वतःच्या पिशवीत टाकले. मग तिला तिच्या स्वतःच्याच चपला बोचायला लागल्या. तिनंही काढल्या.

"सुचि, तू पण?" नीता म्हणाली. "बरं, ते राहू दे. इकडे ये, एक फोटो काढ. सगळे खांब यायला हवेत. आणि कडा. आणि मी."

सुचित्रानं फोटो काढला. खांबांसकट, कड्यासकट, नीतासकट. मग काकांनी लेकीच्या खांद्यावर हात टाकला, तोही काढला. सहलीच्या पाच दिवसांत सगळे चांगले फोटो तिनंच काढले होते, आणि म्हणून त्यांतल्या एकातही ती नव्हती.

मधल्या मजल्याच्या सावलीत महमूदनं त्यांना एका भिंतीसमोर उभं केलं. भिंतीवर कोरलेले देव होते, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा रंग अजून काही जागी टिकून होता. दोन देवांच्या मधोमध मात्र कुणीच नव्हतं. कुणीच नव्हतं असंही नाही. तिथं एक माणसाच्या आकाराचा खडबडीत खड्डा होता. खांदे, कंबर, पुढे टाकलेलं पाऊल, सगळं बरोबर. फक्त आतला माणूस छिन्नीनं उकरून काढलेला.

"ही राणी," महमूद इंग्रजीत म्हणाला. "राजा म्हणून वीस-बावीस वर्षं गादीवर बसली. हे देऊळ तिनं बांधलं. ती गेल्यावर तिच्या सावत्र मुलानं तिचं नाव आणि तिची चित्रं खरवडायला लावली."

"लगेच?" सुचित्रानं विचारलं.

"नाही मॅडम. बरीच वर्षं थांबला. रागानं केलं की राजकारण म्हणून, यावर विद्वानांचं अजून एकमत नाही."

विद्वान कधी कुठल्या कट्ट्याच्या कमिटीवर नसतील, असं सुचित्राच्या मनात आलं.

पद्माकरकाका भिंतीजवळ गेले. दोरीच्या अलीकडे उभे राहून, मान तिरकी करून त्यांनी त्या खड्ड्याची कड नीट पाहिली. चाळीस वर्षं ते एका सरकारी कचेरीत आरेखक होते.

"काम कच्चं आहे," ते म्हणाले. "कडेनं चांगलं कापलंय, पण त्यामुळेच फसला. भिंतीवर एवढे देव आहेत, पण डोळा जातोय कुठं? हिच्याकडेच." मग सुचित्राकडे वळून म्हणाले, "ट्रेसिंग पेपरवर असंच व्हायचं. शाई खोडायची तर ब्लेडनं खरवडायची. शाई जाते, चट्टा राहतो. उजेडासमोर धरला की दिसतो. माझंही नाव एकदा खरवडलं होतं साहेबानं. पुलाचं ड्रॉइंग. चार महिने काढलं मी ते. त्यानं माझ्या नावावर ब्लेड फिरवलं आणि वर स्वतःचं घातलं."

"मग तुम्ही काय केलंत, काका?"

"काय करणार? नोकरी होती." काकांनी मोजे वर ओढले. "पण त्या पुलावरनं एसटी जायला लागली ना, की मी अजून बोलत नाही. पूल संपेपर्यंत. नीताला विचार. लहान होती तेव्हा म्हणायची, पूल आला, बाबा मुके झाले."

नीता शेजारीच उभी होती, हॅटनं वारा घेत. तिनं सुस्कारा सोडला आणि त्या रिकाम्या राणीकडे पाहत, अगदी मनापासून म्हणाली, "दुसऱ्याचं नाव खरवडायला किती नीच मन लागत असेल, नाही का गं सुचि?"

सुचित्रानं तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर सोंग नव्हतं, टोमणा नव्हता, आठवणीचा लवलेशही नव्हता. बाई खरंच हळहळत होती.

गणपतीपासून सुचित्राला जे नुसतंच टोचत होतं, त्याला त्या क्षणी आकार आला. नेमका आकार. खांदे, कंबर, पुढे टाकलेलं पाऊल, डोक्यावर ताटाएवढी हॅट.

"हो ना," ती म्हणाली. "थांब, तशीच उभी राहा. भिंतीशेजारी. छान येतोय."

*

सिंगापूरला परतल्यावर तीन आठवडे सुचित्रानं गाडीत वही उघडली नाही. लॅपटॉप उघडला. बेडोकला बसायला जागा मिळायची आणि तुआस येईपर्यंत दोन-तीन नीता व्हायच्या. कारखान्यात पंपाची कड काढतात तशीच तिनं नीताची कड काढली, ठिपक्याला ठिपका जोडत. बोटं, कोपर, साडीपिन, गॉगलची दांडी, काही सोडलं नाही. मग आतली नीता पुसली आणि तिथं दगड भरला. रंगही मनानं घेतला नाही. देवळाच्या त्या भिंतीच्या फोटोतून, राणीच्या खड्ड्यातलाच उचलून आणला.

"मा, दॅट्स क्रीपी," ऋचा खांद्यावरून वाकून म्हणाली. मग जरा वेळानं, "ही उंटवाली मस्त झालीये."

मूळ फोटो सुचित्रानं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले. नाव दिलं 'जुनी आवृत्ती'.

एक्केचाळीसपैकी चाळीस स्लाइड झाल्या. शेवटी राहिला तो काकांनी लेकीच्या खांद्यावर हात टाकलेला फोटो. त्याच्यावर मात्र तिचं बोट दोन स्टेशनं अडलं. संध्याकाळी तिनं नीताला सहज फोन केला.

"काका येणार आहेत का गं प्रवाससंध्येला?"

"बाबा कुठले येतात? दुपारी आडवे झाले की सातशिवाय उठत नाहीत. का?"

"खुर्च्या मोजत होते."

"आणि सुचि, स्लाइड झाल्या ना? मला आधी दाखवायची काही गरज नाही हं. तू आहेस म्हटल्यावर मी बघत बसू कशाला?"

अकरा वर्षांत नीतानं एकदाही आधी पाहिल्या नव्हत्या. सगळा बेत त्या एका सवयीवर उभा होता. दुसऱ्या दिवशी, क्लेमेंटी स्टेशनच्या आसपास, सुचित्रानं तोही फोटो खरवडला.

*

रविवारी पाच वाजता फंक्शन रूमच्या बाहेर चपलांचा ढीग पडला. आत साठ माणसं, बटाटेवड्यांचा वास, एसीची घरघर. नीता मोरपंखी साडीत माइक घेऊन उभी राहिली. दिवे मालवले.

"मंडळी, नाईलच्या काठानं आज मी तुम्हाला फिरवून आणणार आहे," नीता म्हणाली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण तिचा आवाज होताच तसा.

पहिली स्लाइड विमानतळाची. नऊ माणसं, नऊ बॅगा, आणि मधोमध एक पिवळट दगडी आकार, ट्रॉली ढकलणारा.

"अय्या," नीता हसली. "फाइल बिघडली वाटतं. सुचि?"

"नाही बिघडली," लॅपटॉपमागून सुचित्रा म्हणाली. "तू बोल."

दुसरी स्लाइड पिरॅमिडची. उंट, उंटावर दगडाची बाई, बाईच्या डोक्यावर दगडाची हॅट. मागून कुणीतरी विचारलं, "नीता, उंटावर कोण आहे?" आणि हशा पिकला. नीताही हसली. नटी होती, प्रेक्षक हसले की आपणही हसायचं हे तिच्या अंगात होतं. उंटाबद्दल तिनं एक विनोदही केला. तिसऱ्या स्लाइडला होडीत दगड. चौथीला जेवणाच्या टेबलावर दगड, हातात काटा. सहावी-सातवी येईपर्यंत हसणं थांबलं होतं. लोक अंधारात एकमेकांकडे पाहायला लागले होते, आणि नीताचं वर्णन आखूड आखूड होत चाललं होतं.

"हे हातशेप्सुतचं देऊळ. इथं... इथं एक राणी..."

"सांग ना," सुचित्रा म्हणाली. "राणीचं काय झालं ते सांग."

पडद्यावर ती भिंत आली. दोन देव, मध्ये खड्डा. शेजारी दोरीच्या अलीकडे दुसरा खड्डा, हॅट घातलेला.

सुचित्रानं पुढची कळ दाबली. गणपतीतली कार्यक्रमपत्रिका, पडदाभर. मग ऑक्टोबरातला कोलाज. नीताच्या खांद्यावरचा पंजा पडद्यावर माणसाच्या डोक्याएवढा दिसत होता.

"ते सुचित्राचं घड्याळ ना?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"दिवे लावा," नीता म्हणाली. माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. कुणी उठलं नाही.

सुचित्रानं शेवटची कळ दाबली. उन्हात डोळे बारीक केलेले पद्माकरकाका, पायांत मोजे, आणि त्यांचा हात एका दगडाच्या खांद्यावर.

"हे कुणी खरवडलंय?"

आवाज दारातून आला. काका स्वतःच लिफ्टनं खाली आले होते. सदऱ्याचं एक बटण चुकलेलं, पाय अनवाणी. दोन खुर्च्यांच्या मधून चालत ते थेट पडद्यापाशी आले. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पाठीवर पडला आणि फोटोतला त्यांचा हात त्यांच्याच पाठीवर आला. त्यांनी बोटानं त्या आकाराची कड चाचपली.

"हात सराईत आहे," ते म्हणाले. "पण आत होतं कोण? माझा हात कुणाच्या खांद्यावर आहे हा?"

साठ माना नीताकडे वळल्या.

"माझ्या, बाबा," नीता म्हणाली.

"मग तू कुठंयस?"

"मला काढलंय."

"कोणी?"

"मी काढलंय, काका," सुचित्रा उभी राहिली. "तिनं मला आधी काढलं होतं. माझं नाटक होतं. माझ्या नावावर तिनं स्वतःचं घातलं."

काका लेकीकडे वळले. त्यांना आजचा वार ठाऊक नसेल, पण ते कुठल्या पुलावर उभे आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नीतालाही होतं.

"तू केलंस हे?"

नीतानं माइक खाली घेतला. मग पुन्हा वर आणला. तो खाली ठेवावा की नाही हे तिला कळत नसावं.

"हो, बाबा."

"नाटक कुणाचं?"

"सुचित्राचं."

"सगळं?"

"सगळं." नीतानं माइक आणखी जवळ घेतला. "अकराही नाटकं तिचीच. वाक्यन्वाक्य."

सुचित्राला फार बरं वाटलं. चार महिने टाचेत रुतलेलं कुसळ कुणीतरी नखानं ओढून काढावं, तसं. समोर एक बाई साठ माणसांत उघडी पडली होती, आणि तरी आपल्याला बरं वाटतंय हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही.

"ठीक," काका म्हणाले. "आता माझी पोरगी परत आण. जुनी प्रत ठेवली असशीलच तू."

"आहे, काका."

तिनं फोल्डर उघडला. पडद्यावर दगड गेला आणि नीता आली, हॅट सावरत, हसत. काकांनी फोटो वरपासून खालपर्यंत पाहिला, मान डोलावली आणि पहिल्या ओळीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

"बोला आता," ते म्हणाले. "पुढे काय पाहिलंत?"

नीतानं माइक सुचित्राकडे धरला. सुचित्रानं तो घेतला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच हातात आला होता. वाटला होता त्यापेक्षा जड होता.

*

सगळे गेल्यावर चपलांपाशी त्या दोघीच उरल्या.

"झालं समाधान?" नीतानं विचारलं. काजळ पसरलं होतं.

"बरंचसं."

"बाबांचा फोटो तरी सोडायचा होतास."

सुचित्रानं चपलेचा अंगठा चाचपला. "तो माझा चुकला. तो एक. बाकीचे चाळीस नाही चुकले."

"आणि पाडव्याला? मी नाही ना आता?"

"ती तुळशीवाली बाई तुझ्यासारखी कुणाला जमत नाही. तालीम शनिवारी आहे. चारला म्हणजे चारला."

नीतानं होकारार्थी मान हलवली. जायला वळली तशी सुचित्रा म्हणाली, "आणि नीता, जुन्या पत्रिका किती उरल्यात तुझ्याकडे?"

"असतील शंभर-सव्वाशे. रद्दीत देणार होते."

"देऊ नकोस. येते मी."

शनिवारी तालमीनंतर सुचित्रा कॉन्डोवर गेली. पर्समधून तिनं एक लाल शाईचं पॅड आणि बेडोकच्या दुकानात खास करून घेतलेला 'सुपरसीडेड'चा शिक्का काढला आणि जेवणाच्या टेबलावर, नीतासमोर ठेवला.

"हे काय?"

"थिएटरच्या दारात टेबल असेल. एका बाजूला नव्या पत्रिका, दुसऱ्या बाजूला या. ज्याला हवी त्यानं बघावी. शिक्के तू मारायचेस."

"सगळ्यांवर?"

"सव्वाशेच आहेत."

नीतानं पहिला शिक्का मारला. पद्माकरकाका चष्मा लावून शेजारी बसले होते. नव्या पत्रिकेच्या कच्च्या कागदावर, खालच्या उजव्या कोपऱ्यात, पट्टी धरून ते तीन चौकटी आखत होते. मान वर करून त्यांनी लेकीचं काम पाहिलं.

"तिरका मार," ते म्हणाले. "आणि शाई कमी घे. खालचं नाव वाचता आलं पाहिजे."

नीतानं दुसरा मारला, मग तिसरा. खाली तिचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. पंधरा-वीस झाल्यावर ती न पाहताच म्हणाली, "चहा टाकू?"

"टाक की," सुचित्रा म्हणाली. तिनं काकांच्या हातातला कच्चा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "दोनशे माणसांचा लागेल पाडव्याला. चहापान व्यवस्था कुणाच्या नावानं घालू?"

शिक्का पॅडवर थांबला. काकाही थांबले.

"घाल माझं," नीता म्हणाली आणि उठली.

सुचित्रानं लिहिलं. ध्वनीच्या खाली, प्रकाशाच्या खाली, वेशभूषेच्याही खाली.

"साखर कमी," तिनं स्वयंपाकघराकडे पाहत सांगितलं.